सूज वाटीवर आहे, सांध्यात नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय ४६, बँकेत बैठं काम. सूर्यनमस्कार आणि दर रविवारचा सिंहगड करून दीड वर्षात ११ किलो वजन उतरवलंत. दिवाळीच्या आधी उजव्या गुडघ्यावर लिंबाएवढी मऊ सूज आली. डॉक्टरांनी ‘बर्सायटिस’ असं नाव सांगून सहा आठवडे आराम लिहून दिला. आज बारावा दिवस. दुखतंय बेताचंच, पण सहा आठवडे बसून काढले तर वजन परत चढेल आणि रथसप्तमीचे १०८ नमस्कार हुकतील, ही खरी धास्ती. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयत, ‘तसं काही विशेष केलं नव्हतं, दोन दिवस गच्ची आणि जिना घासला तेवढंच.’

त्या ‘तेवढंच’मध्येच बरंचसं उत्तर आहे. मी २३ वर्षं फिजिओथेरपी करतोय. दिवाळीच्या आगेमागे आणि घरांची कामं निघाली की असे गुडघे हमखास येतात. बहुतेकांना वाटतं की व्यायामानं घात केला, आणि आधी व्यायाम बंद होतो. फरशी घासणं मात्र चालूच राहतं, कारण ते कुणी व्यायामात धरतच नाही.

बर्सा म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत तेलाचे चार थेंब टाकून ती दोन तळव्यांमध्ये धरा आणि तळवे चोळा. कसे सुळसुळीत सरकतात! जिथे कातडी हाडावर घासेल किंवा स्नायूची दोरी हाडावर घासेल, तिथे शरीरानं अशी पातळ पिशवी ठेवलेली असते. गुडघ्याभोवती अशा दहा-अकरा आहेत. त्यातली एक गुडघ्याच्या वाटीवर, कातडीच्या लगेच खाली. ओल्या फरशीवर दोन दिवस गुडघे टेकून पुढे-मागे सरकलात की ती चेपली जाते, घासली जाते आणि चिडून पाण्यानं भरते. इंग्रजांनी या दुखण्याला मोलकरणीचं नाव दिलंय, ‘हाउसमेड्स नी’. तिकडच्या कोळसा खाणीत गुडघ्यांवर रांगत काम करणाऱ्यांच्या अशा दुखण्याला ‘बीट नी’ म्हणत, आणि ब्रिटनमध्ये ते कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आहे.

ही पिशवी सांध्याच्या बाहेर आहे. आतली कूर्चा, गादी, लिगामेंट यांच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून वाटीवरच्या बर्सायटिसमध्ये गुडघा वाकवणं हा मुख्य शत्रू नसतो. शत्रू असतो टेकणं. डॉक्टरांनी लिहिलेला आराम चुकीचा नाही. फक्त तो वाटीवरच्या कातडीला द्यायचा आहे, तुमच्या हृदयाला, खांद्यांना आणि मांड्यांना नाही. गर्दीच्या ओपीडीत हे सगळं सांगायला वेळ नसतो, मग ‘आराम करा’ एवढंच कागदावर उतरतं.

पण हे सगळं सूज खरंच वाटीवर असेल तर. तुम्ही ‘गुडघ्यावर’ लिहिलंयत, आणि लोक नडगीपासून मांडीपर्यंत काहीही गुडघा म्हणून सांगतात. म्हणून आधी एवढं करा. पलंगावर पाय सरळ सोडून बसा आणि दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहा. सूज वाटीच्या समोर टेकाडासारखी असेल, वाटीची कड बोटांना नीट लागत नसेल आणि पाय सरळ करायला काही त्रास नसेल, तर ती बाहेरची पिशवी. गुडघा पूर्ण दुमडताना शेवटी ताण जाणवेल, तो फुगलेली कातडी ताणली जाते म्हणून. उलट वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून गेलेत, सूज वाटीच्या वरपर्यंत चढलीय आणि गुडघा थोडा वाकवला तरी आतून दुखतो, असं असेल तर पाणी सांध्यात आहे. मग पुढचं वाचण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सूज गुडघ्याच्या मागे लवणीत असेल तर तेही वेगळं प्रकरण. आणि पोटरीच सुजून दुखू लागली असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता एक गोष्ट जरा लांबण लावून सांगतो, कारण इथे झालेली हयगय महागात पडते. या पिशवीवर जेमतेम कातडीचं पांघरूण असतं. घासताना साधं खरचटलं तरी त्वचेवरचे जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. मग साध्या सुजेचा पू होतो. गुडघा लाल आणि कढत, हात लावू देत नाही, ताप-थंडी, लाली पसरतेय, यातलं काहीही दिसलं तर बर्फ-बिर्फ बाजूला ठेवा. प्रतिजैविकं लागतात, कधी पाणी काढून तपासावं लागतं, आणि ते त्याच दिवशी व्हायला हवं. मी रुग्णांना एक साधी युक्ती सांगतो: लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढायची आणि वेळ लिहून ठेवायची. चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली तर निघायचं, ‘उद्या बघू’ नाही. आणि आंबेहळदीचा लेप लावला असेल तर आधी धुऊन टाका. लेपानं सूज उतरते की नाही यावर मी घरच्यांशी वाद घालत नाही, पण त्याच्या रंगाखाली लाली झाकली जाते, आणि खरचटलेल्या जागेवर तर तो नकोच.

तुम्ही साखरेबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मधुमेह असेल, किंवा गेल्या वर्षभरात रक्तातली साखर तपासलीच नसेल, तर तपासून घ्या. साखर जास्त असली की असा संसर्ग लवकर होतो आणि मुरतो. पूर्वी कधी पायाचा अंगठा रात्रीतून सुजून ठणकला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. युरिक ॲसिडचे खडे याही पिशवीत साचतात, आणि मग उपचारच बदलतो.

यातलं काहीच नाही, नुसती मऊ आणि जराशी कोमट सूज आहे, असं धरून पुढे जाऊ. पहिलं काम, गुडघा कशावरही टेकायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण एक दिवस मोजून बघा. देवघरापुढे, पलंगाखालची चप्पल काढताना, स्कूटरच्या टायरमध्ये हवा भरताना, पोराशी घोडा-घोडा खेळताना. कितीदा टेकतो ते आपलं आपल्याला कळत नसतं. बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. फ्रीजरमधली मटारची पिशवी सगळ्यात छान, ती गुडघ्याच्या आकारात बसते. गरम पाण्याची पिशवी सध्या नको. शेकलं की बरं वाटतं, मान्य, पण सूज ताजी असताना ती वाढते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही सरसकट शेक सांगायचो, आणि दोन दिवसांनी फुगलेले गुडघे घेऊन लोक परत यायचे. क्रेप बँडेज दिवसा बांधा. एक बोट आत सहज जाईल इतकंच घट्ट, आणि रात्री सोडून ठेवा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून थोडे दिवस. बीपी, पित्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर परस्पर दुकानातून आणून घेऊ नका.

पाणी सुईनं काढून टाकावं का, हा प्रश्न पुढे येणारच. संसर्गाची किंवा युरिक ॲसिडची शंका असेल तर जरूर, कारण ती तपासणी आहे. नुसतं ‘दिसायला बरं दिसत नाही’ म्हणून काढलं तर टेकणं चालू असेपर्यंत ते पुन्हा भरतं, आणि दर सुईबरोबर जंतू आत जायची थोडी भीती असतेच. वाटीवरच्या पिशवीत स्टेरॉइडचं इंजेक्शन मला फारसं आवडत नाही. तिथली कातडी पातळ पडते, आणि आत न कळलेला संसर्ग असेल तर तो फोफावतो. अर्थात हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, तुम्ही त्याचा विचार आत्ता करूच नका.

तर, दम कसा टिकवायचा. पूर्ण बसून राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत दमश्वास कमी झाल्याचं जाणवू लागतं. स्नायूंची ताकद त्यापेक्षा जास्त दिवस तग धरते. म्हणून आधी हृदयाची सोय बघा. सपाट रस्त्यावर भरभर चालणं आजपासून चालेल, लंगडत नसाल तर. लंगडून चार किलोमीटर चालण्यापेक्षा न लंगडता एक बरा, कारण लंगडण्याचं बिल कंबर पाठवते. सायकल चालेल, पण सीट उंच करा: पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला हवा. आपल्याकडे सीट खाली ठेवून दोन्ही पाय जमिनीला टेकवायची सवय असते, त्यात गुडघा उगाच जास्त दुमडतो. कातडी धड असेल, कुठे खरचटलेलं नसेल, तर पोहणं उत्तम. तलावाच्या काठावर गुडघा टेकवून वर चढू नका, शिडीनं या. हसू नका, एक रुग्ण चार आठवड्यांची कमाई त्याच काठावर घालवून आला होता.

ताकदीसाठी: पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि मांडी आवळून ती दाबा, पाच-सात सेकंद धरून ठेवा, असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उताणं झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. दोन्ही टाचा उचलून उभं राहायचं. मांडीचे आणि नितंबांचे स्नायू एवढ्यावर जागे राहतात. बैठका पूर्ण खाली नकोत. खुर्चीवर बसल्यासारखं जाऊन उठायचं, तेही ताण जाणवेल तिथे थांबून. वरच्या अंगाला तर काही बंदीच नाही. डंबेल मारा, बारला लटका, प्लँक धरा. फक्त जोर काढताना गुडघे टेकून ‘सोपे’ जोर काढायचे नाहीत. जमत नसतील तर स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकवून उभ्यानं काढा. योगवर्गाला जात असाल तर मार्जारासन, उष्ट्रासन, वज्रासन तूर्त सोडा. जेवणानंतरचं वज्रासनही. वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे आणखी एक पिशवी आहे, ती वज्रासनात चेपली जाते. एक सोडून दुसरी चिडवायची कशाला?

किती दुखलेलं चालेल, असं सगळेच विचारतात. माझा हिशेब असा: शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजलेला किंवा गरम नको. असला तर आदल्या दिवशीचं काहीतरी जास्त झालं, ते निम्म्यावर आणा. सगळंच बंद करू नका.

आता सूर्यनमस्कार. बारा अंकांच्या नमस्कारात चौथ्या आणि नवव्या अंकाला मागच्या पायाचा गुडघा टेकतो, सहाव्याला दोन्ही. एकच पाय दोन्ही वेळा मागे राहत असेल तर त्या गुडघ्याला एका नमस्कारात तीन टेके. १०८ नमस्कारांचे ३२४ झाले. दीड वर्ष तुम्ही हे करत आलात आणि काही झालं नाही, कारण वाढ हळूहळू होती आणि कातडी सरावली होती. त्यावर दोन दिवसांच्या गच्चीनं कडी केली. मला नमस्कारांना दोषी धरावंसं वाटत नाही, पण आत्ता ते जसेच्या तसे घालता येणार नाहीत. हवंच असेल तर चौथ्या-नवव्याला मागचा गुडघा अधांतरी ठेवा, सहाव्याला अष्टांगाऐवजी दंडाच्या स्थितीत थांबा आणि भुजंगासनात मांड्या उचललेल्या ठेवा. खांद्यांना हे बरंच जड जातं. बारा झाले तरी घाम निघेल, आणि सध्या तेवढंच पाहिजे.

सिंहगडाबद्दल माझं मत तुम्हाला उलटं वाटेल. वाटीवरचीच सूज असेल तर चढणं तुलनेनं लवकर सुरू करता येतं, फरशी घासण्याच्या कितीतरी आधी. मात्र आतकरवाडीच्या वाटेनं उतरताना पाय घसरला तर माणूस नेमका गुडघ्यावर आपटतो. म्हणून आधी पर्वती. तिच्या १०३ पायऱ्या आठवडाभर एक दिवसाआड, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे न दुखता झाल्या, की मग सिंहगड चढून जा आणि पहिले दोन रविवार जीपनं खाली या. पिठलं-भाकरी खाऊन चालत उतरण्यात तसाही फार पराक्रम नसतो.

सगळ्यांना एवढी मोकळीक नसते, हेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी फरशी बसवणारा एक कारागीर आला होता, दोन्ही गुडघ्यांवर सुजा, आठ महिन्यांच्या जुन्या. त्याला मी शहाण्यासारखं ‘महिनाभर काम बंद’ म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, मग महिनाभर खायचं काय?’ त्याच्या त्या प्रश्नानं मला कामाला लावलं. जाड फोमची कडी कापली, मेदूवड्यासारखी, मधे भोक. भोकात सूज, कड्यावर भार. त्यावरून कामाचे नीपॅड, पट्टे सैल. एका बाजूची फरशी गुडघ्यावर, दुसऱ्या बाजूची बुटक्या पाटावर बसून. दर अर्ध्या तासानं उभं राहायचं. तीन महिने लागले. सूज गेली, वाटीवरची कातडी जाड राहिली ती राहिलीच. तुमचे सहा आठवडे त्याच्या मानानं चैन आहे. टोमणा नाही हा, कामाची सोय करता आली तर गुडघा किती लवकर बरा होतो तेवढं कळावं म्हणून सांगितलं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं दुखणं गुडघ्याच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या रेषेखाली तीन बोटांवर असेल, तर वरचं बरंचसं त्यांनी उलटं करून घ्यावं. तिथे मांडीतून येणाऱ्या तीन स्नायूंच्या दोऱ्या एकत्र येऊन नडगीला चिकटतात आणि त्यांच्याखाली पिशवी असते. ती टेकण्यानं नाही, भारानं चिडते. जिना, चढ, खुर्चीतून उठणं दुखतं, रात्री कुशीवर झोपल्यावर गुडघ्याला गुडघा लागला की कळ येते. पन्नाशीच्या, वजन थोडं जास्त असलेल्या आणि सांध्यांची झीज सुरू झालेल्या बायकांमध्ये मी हे सर्वांत जास्त पाहतो. त्यांनी पर्वती-सिंहगड काही आठवडे सोडावा, पोहताना बेडूकपाय मारू नयेत, मांडीच्या मागच्या स्नायूंना रोज ताण द्यावा आणि झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. इथे मात्र इंजेक्शनाला माझा विरोध नाही, व्यायामानं भागलं नाही तर.

वजनाचं म्हणाल तर चालणं, पोहणं आणि वरच्या अंगाचा व्यायाम चालू असताना सहा आठवड्यांत ११ किलो परत येत नाहीत. किलो-दोन किलो आले तर तो दोष फराळाच्या डब्याचा धरा, गुडघ्याचा नाही.

बरं झालं हे कसं ओळखायचं? तळहाताची मागची बाजू दोन्ही गुडघ्यांवर फिरवा, ऊब सारखी लागली पाहिजे. वाटीची कड बोटाला स्पष्ट लागली पाहिजे. पालथं झोपून टाच नितंबाकडे आणा, दोन्ही पाय सारखेच दुमडले पाहिजेत. हे तिन्ही सलग आठवडाभर जमलं की टेकायला सुरुवात: आधी गादीवर मिनिटभर, मग चटईवर ब्लँकेटची घडी टाकून, मग नुसत्या चटईवर. प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस. साध्या बर्सायटिसला माझ्याकडे बहुतेकांना दोन ते सहा आठवडे लागतात. सहा आठवड्यांनंतरही लिंबू तेवढंच असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन पिशवीची सोनोग्राफी करावी का ते विचारा.

दिवाळी नुकतीच झाली, रथसप्तमीला अजून अडीच-तीन महिने आहेत. पौषात बारा नमस्कारांपासून सुरुवात करून आठवड्याला दहा-बारा वाढवत गेलात तर त्या दिवशी साठ-सत्तरपर्यंत पोचाल असा माझा अंदाज. १०८ चा हट्टच असेल तर उरलेले गुडघा न टेकता घाला. आणि जिना घासायला लांब दांड्याचा ब्रश आजच आणून ठेवा, दोनशे रुपयांच्या आत मिळतो.